पश्चिम आफ्रिकेतील खेड्यात स्वयंसेवेसाठी जाताना : ठाणे-नवी मुंबईतील इच्छुकांसाठी मार्गदर्शन

पश्चिम आफ्रिकेतील एखाद्या खेड्यात काही महिने राहावे, तिथल्या लोकांच्या उपयोगी पडावे आणि त्यांचे जगणे जवळून पाहावे, अशी इच्छा असलेली माणसे ठाण्यात आणि नवी मुंबईत आता अधूनमधून भेटतात. त्यांत नुकतीच पदवी घेतलेले विद्यार्थी असतात, निवृत्त शिक्षिका असतात आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत आयुष्य घालवलेले तंत्रज्ञही असतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न देश कोणता निवडावा किंवा खर्च किती येईल, असा असतो. माझ्या मते तो तिसरा किंवा चौथा प्रश्न आहे. त्या गावाला ज्या कामाची गरज आहे ते आपल्याला खरोखर येते का, हा पहिला प्रश्न. आणि तेच काम गावातील एखाद्या माणसाला मजुरी देऊन करून घेता येत असेल, तर आपण नेमके कशासाठी जात आहोत, हा दुसरा.

काम आधी, देश नंतर

शाळेची भिंत रंगवणे, विटा वाहणे, पाया खणणे ही कामे स्वयंसेवकांच्या छायाचित्रांत हमखास दिसतात. ती गावातले गवंडी आणि मजूर आपल्यापेक्षा चांगली व झटपट करतात, शिवाय त्यांची मजुरी गावातच राहते. बाहेरून आलेल्या माणसाचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा त्याच्याजवळ गावात सहज न मिळणारे एखादे कसब असते आणि ते दुसऱ्याच्या हाती उतरवण्याइतका वेळ व चिकाटी असते. शिलाई मशीनची दुरुस्ती, महिला गटाचा हिशेब नीट लिहिण्याची पद्धत, सौर दिव्यांची जोडणी, रोपवाटिका, शाळेच्या ग्रंथालयाची मांडणी अशी कामे दिसायला साधी असली, तरी त्यांचा परिणाम स्वयंसेवक परतल्यावरही टिकतो.

पाण्याचेच उदाहरण घेऊ. घाना, माली आणि शेजारच्या देशांच्या ग्रामीण भागात बोअरवर बसवलेले जे हातपंप दिसतात, त्यांतील एक प्रमुख प्रकार ‘इंडिया मार्क टू’ हा आहे. या पंपाचे मूळ आपल्याच राज्यात आहे. जालना आणि सोलापूर येथे विहिरींचे काम करणाऱ्या मिशनरी संस्थांच्या कार्यशाळांत जे पोलादी हापसे घडले, त्यांच्या आधारावर १९७०च्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफ यांच्या सहकार्याने हा नमुना तयार झाला आणि पुढे तो जगभर गेला. मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या गावात ज्याने हापसा उघडून पाहिला आहे, त्याला घानातील गावच्या पाणवठ्यावर परके वाटण्याचे कारण नाही. या पंपाचे दुखणेही दोन्हीकडे सारखेच असते. आतल्या सिलिंडरमधील वॉशर झिजतात, पाइपांच्या आट्या गंजतात आणि हँडल मारूनही पाणी येईनासे होते. मार्क टूमध्ये वॉशर बदलायचा तर जमिनीखालचे सगळे पाइप एकेक करून वर ओढावे लागतात आणि त्यासाठी ठरावीक अवजारे व बरेच हात लागतात. पुढे आलेल्या मार्क थ्री आणि आफ्रिदेव या प्रकारांत सिलिंडरमधले भाग वरूनच काढता येतात, म्हणून गावातल्या दोन-तीन माणसांनाही ही दुरुस्ती जमते. आपण जिथे जाणार तिथे कोणता पंप आहे, हे निघण्यापूर्वी विचारून घेणे ही साधी गोष्ट आहे. पण त्यावरच आपले पहिले दोन आठवडे उपयोगात जाणार की बघ्याची भूमिका करण्यात, हे ठरते.

हा विषय केवळ सोयीचा नाही. आपल्याकडच्या जुन्या पिढीला नारूचा रोग आठवत असेल. पायातून हळूहळू बाहेर येणारा तो लांब कृमी, उघड्या विहिरी-तळ्यांतले पाणी पिण्यातून होणारा त्याचा प्रसार आणि पाणी कापडातून गाळण्याचा तो सततचा आग्रह, हे सारे घानाच्या उत्तर भागानेही भोगले आहे. भारत २००० साली नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला, तर घाना २०१५ साली. गाळण्याच्या कापडाबरोबरच बंदिस्त आणि चालू स्थितीतल्या हातपंपांचा या यशात मोठा वाटा होता. तेव्हा तंत्रज्ञ असलेल्या स्वयंसेवकाने स्वतः पाना हातात घेऊन पाच पंप दुरुस्त करून परत येण्यापेक्षा गावातल्या दोघा-तिघींना ती दुरुस्ती शिकवावी, सुटे भाग जवळच्या कोणत्या बाजारात मिळतात याची नोंद करून ठेवावी आणि पाणी समितीला वर्गणीची वही नीट ठेवायला मदत करावी. पंप बंद पडतो तो वॉशर झिजल्यामुळे. पण तो वर्षभर बंद राहतो तो बहुधा वॉशरसाठी पैसे कोणी जमवलेले नसतात म्हणून.

येथे एक प्रामाणिक शंका मनात ठेवावी. राजस्थानातील तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजने अनेक वर्षे उलटा मार्ग चोखाळला आहे. आफ्रिकेतील खेड्यांतल्या मध्यमवयीन, बहुधा निरक्षर स्त्रिया सहा महिने भारतात येऊन सौर दिव्यांची जोडणी-दुरुस्ती शिकतात आणि परत जाऊन स्वतःचे गाव उजळतात. हा मार्ग मला आपल्यासारख्यांनी तिकडे जाण्यापेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो. तरीही जायचे असेल, तर निदान कामाची रीत त्या नमुन्याच्या जवळ जाणारी असावी.

शिकवण्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण ठाण्यातील बहुतेक इच्छुक हाच पर्याय निवडतात. घानाच्या शैक्षणिक धोरणानुसार प्राथमिकच्या तिसऱ्या इयत्तेपर्यंत स्थानिक भाषा आणि चौथीपासून इंग्रजी हे माध्यम असते. म्हणजे लहान मुलांच्या वर्गात ट्वी, एवे किंवा दाग्बानी भाषा न येणाऱ्या पाहुण्याला फारसे काही करता येत नाही. मोठ्या वर्गांत मात्र गणित, विज्ञानाचे प्रयोग, वाचनालय यांत शिक्षकांना मदत होऊ शकते. मदत शिक्षकांना करावी, त्यांची जागा घेऊ नये. डॉक्टर आणि परिचारिका यांनी त्या देशातील नोंदणीशिवाय रुग्णाला हात लावू नये. वैद्यकीय विद्यार्थ्याला ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जे करण्याची परवानगी नाही, ते तिकडच्या आरोग्य उपकेंद्रात करण्याचीही परवानगी नाही, असेच समजून चालावे.

अनाथाश्रमातील स्वयंसेवा मात्र सरळ नाकारावी. अशा अनेक संस्थांतील मुलांचे आई किंवा वडील हयात असतात आणि परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांसाठीच मुलांना घरापासून दूर ठेवले जाते, असे जगभर आढळले आहे. ऑस्ट्रेलियाने तर २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना हा प्रश्न त्या चौकटीत विचारात घेतला. दर महिन्याला नवी ताई, नवा दादा येऊन जीव लावतो आणि निघून जातो, याचा त्या मुलांवर काय परिणाम होतो, हे समजायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

आधी शहापूर-मुरबाड

परदेशी जाण्यापूर्वी निदान एक पावसाळा किंवा एक उन्हाळा आपल्याच जिल्ह्यातील एखाद्या पाड्यावर काम करून पाहावे, असा माझा आग्रह आहे. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. तिथे आठवडाभर राहून, पाणी भरायला लागणारा वेळ पाहून, ग्रामसेवक आणि बचत गटातल्या बायकांशी बोलून आपल्याला काय येते आणि काय येत नाही याचा जो अंदाज येतो, तो कोणत्याही प्रशिक्षण वर्गात येत नाही. जमिनीवर झोपणे, मर्यादित पाण्यात अंघोळ, वीज नसलेली रात्र आणि आपल्याकडे टक लावून पाहणारी मुले यांची सवय इथेच करून घ्यावी. ज्याला मुरबाडमध्ये चार दिवसांत घरची आठवण येते, त्याने उत्तर घानातील तमाले शहराजवळच्या गावात तीन महिने राहण्याचा बेत पुन्हा तपासावा.

एक तयारी घराच्या दाराशीच करायची आहे. खारघर, कोपरखैरणे यांसारख्या भागांत नायजेरियातून आणि इतर आफ्रिकी देशांतून आलेले लोक राहतात, आणि घर भाड्याने घेताना किंवा लिफ्टमध्ये शिरताना त्यांना काय काय सहन करावे लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्याने शेजारच्या आफ्रिकी माणसाशी कधी दोन शब्द बोललेले नाहीत, त्याने त्यांच्या खंडात सेवेला जावे यात काहीतरी विसंगत आहे. तिकडचे सुशिक्षित लोक या बाबतीत अनभिज्ञ नसतात. अक्राजवळच्या घाना विद्यापीठात २०१६ साली बसवलेला महात्मा गांधींचा पुतळा तेथील प्राध्यापक व विद्यार्थ्यांच्या विरोधामुळे डिसेंबर २०१८ मध्ये हलवण्यात आला. गांधींनी दक्षिण आफ्रिकेतील सुरुवातीच्या काळात आफ्रिकी लोकांविषयी केलेले लेखन हे त्या विरोधाचे मुख्य कारण होते. एखादा शिक्षक रात्रीच्या गप्पांत हा विषय काढील, तेव्हा चिडून वाद घालण्यापेक्षा ऐकून घेण्याची तयारी असावी.

देश आणि ऋतू

पहिल्यांदा जाणाऱ्याने इंग्रजी चालणारा देश निवडावा. घाना, गाम्बिया, सिएरा लिओन आणि लायबेरिया येथे कारभाराची भाषा इंग्रजी आहे. सेनेगल, टोगो, बेनिन, आयव्हरी कोस्ट आणि गिनी येथे फ्रेंच चालते, तर गिनी-बिसाऊमध्ये पोर्तुगीज. फ्रेंचभाषक देशात जायचे तर मुंबईच्या आलियाँस फ्राँसेजमधून निदान प्राथमिक पातळी पूर्ण करावी. मोडकी फ्रेंच तालुक्याच्या ठिकाणी उपयोगी पडते, गावात मात्र शेवटी वोलोफ, एवे किंवा मांडिंका भाषेतले अभिवादनच माणसे जोडते.

माली, बुर्किना फासो आणि नायजर हे तीन देश सध्या विचारातही घेऊ नयेत. तेथे लष्करी राजवटी आहेत, सशस्त्र गटांचा वावर आहे आणि २०२५ च्या जुलैमध्ये मालीच्या पश्चिमेकडील काय् (Kayes) नावाच्या भागातील सिमेंट कारखान्यातून भारतीय कर्मचाऱ्यांचे अपहरण झाले होते. टोगो, बेनिन आणि घाना यांच्या अगदी उत्तरेकडील सीमाभागालाही या अस्थिरतेची झळ पोहोचते, म्हणून जिल्ह्याचे नाव घेऊन भारतीय दूतावासाकडे चौकशी करावी.

ऋतूंचा हिशेब आपल्यापेक्षा थोडा वेगळा आहे. घानाच्या दक्षिण भागात पाऊस दोनदा येतो : एप्रिल ते जुलै मोठा आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर लहान. उत्तरेकडे साधारण मे ते ऑक्टोबर असा एकच पावसाळा असतो आणि त्या काळात कच्चे रस्ते वाहून जातात. नोव्हेंबरअखेरपासून मार्चपर्यंत सहारातून हर्मटान नावाचा कोरडा, धुळीचा वारा वाहतो. ओठ फुटतात, आकाश धुरकट होते आणि पहाटे चक्क थंडी वाजते. दम्याचा त्रास असलेल्यांनी हा काळ टाळावा. शिया झाडाच्या बियांपासून लोणी काढणाऱ्या महिलांचे काम पाहायचे असेल तर झाडाखाली फळे पडतात ती मे ते ऑगस्टची वेळ बरी, आणि एवे लोकांचा होग्बेत्सोत्सो हा उत्सव पाहायचा असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आन्लोगा येथे असावे.

संस्था पारखताना

ज्यांच्याकडे व्यावसायिक अनुभव आहे त्यांनी सर्वप्रथम संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाकडे नाव नोंदवावे. १९७० साली सुरू झालेल्या आणि जर्मनीतील बॉन येथे मुख्यालय असलेल्या या कार्यक्रमात निवड झालेल्यांना निर्वाहभत्ता मिळतो, आणि घरबसल्या करता येणारी ऑनलाइन स्वयंसेवाही तेथे असते. निवड कठीण आहे. उरलेल्यांना बहुधा शुल्क घेणाऱ्या संस्थांमार्फत किंवा थेट एखाद्या स्थानिक संस्थेशी पत्रव्यवहार करून जावे लागते.

शुल्क घेणे यात मुळात गैर काही नाही. राहण्याचा आणि जेवणाचा खर्च गावाने का सोसावा? पण त्या रकमेतला किती भाग यजमान कुटुंबाला आणि किती भाग गावातल्या कामाला मिळतो, हे लेखी विचारावे. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेथेच थांबावे. संस्थेची त्या देशात नोंदणी आहे का, काम कोणी मागितले, आपल्या आधी आलेल्या स्वयंसेवकाने काय केले आणि आपण गेल्यावर ते कोण पुढे नेणार आहे, हेही विचारावे. मुलांबरोबर काम असूनही जी संस्था पोलीस पडताळणीचा दाखला मागत नाही, ती मुलांच्या सुरक्षेबाबत गंभीर नाही असे मानण्यास हरकत नाही. संस्थेने मागितला नाही तरी पासपोर्ट सेवा केंद्रातून तो काढून सोबत ठेवावा. शेवटी त्याच संस्थेत काम केलेल्या दोघांशी प्रत्यक्ष बोलावे, आणि त्यांतला एक निदान स्थानिक असावा. दोन आठवड्यांच्या मुक्कामाला मी पर्यटन म्हणतो. त्यात वाईट काही नाही, पण त्याला सेवा म्हणू नये.

कागदपत्रे आणि प्रकृती

घानाचा व्हिसा दिल्लीतील उच्चायुक्तालयाकडून घ्यावा लागतो, तर टोगो आणि बेनिन यांच्या व्हिसासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. पर्यटक व्हिसावर बिनपगारी काम केलेले चालते का, हे प्रत्येक देशाकडून लेखी विचारून घ्यावे; एजंटच्या तोंडी हमीवर विसंबू नये. मुंबईहून बहुतेक प्रवास अदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबई येथे विमान बदलून होतो.

पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची लस ही या सगळ्यातली सर्वांत न टाळता येणारी गोष्ट आहे. घानात प्रवेश करताना तिचे प्रमाणपत्र दाखवावे लागते, आणि भारतात परतताना तर आपले अधिकारी ते अधिक कसोशीने पाहतात, कारण हा रोग पसरवणारा एडिस डास आपल्याकडे मुबलक आहे, रोग मात्र अजून नाही. प्रमाणपत्राविना परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस केवळ केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवर मिळते; मुंबईत विमानतळाचे आरोग्य कार्यालय आणि जे. जे. रुग्णालय ही त्यांतील दोन. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे ती मिळणार नाही. एका कुपीत अनेकांच्या मात्रा असल्याने दिवस ठरवून बोलावतात, म्हणून वेळ आधी घ्यावी आणि मूळ पासपोर्ट न्यावा. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. ही जिवंत विषाणूची लस असल्यामुळे अंड्याची तीव्र अॅलर्जी, गर्भारपण, क्षीण प्रतिकारशक्ती किंवा साठीपुढचे वय असेल, तर डॉक्टरांशी आधी सविस्तर बोलावे.

त्याखेरीज टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वात यांच्या लसी घ्याव्यात. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात कोरड्या ऋतूत मेंदूज्वराच्या साथी येतात, तेव्हा डिसेंबर ते जून या काळात उत्तर भागात जाणाऱ्याने त्याचीही लस घ्यावी.

हिवतापाबाबत ठाणेकरांचा एक गैरसमज असतो. पावसाळ्यात मलेरिया आपल्याकडेही होतो, त्यात काय, असे ते म्हणतात. पश्चिम आफ्रिकेत आढळतो तो प्रामुख्याने फॅल्सिपेरम हा घातक प्रकार असून त्याच्यावर क्लोरोक्विन चालत नाही. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्याच लागतात. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायची असते. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे घ्यावे लागते आणि त्याने काहींच्या त्वचेला ऊन बाधते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा असते, पण मानसिक आजाराचा पूर्वेतिहास असलेल्यांनी ते टाळायचे असते. गोळ्यांबरोबर औषध लावलेली मच्छरदाणी हवीच. व्होल्टा सरोवरासारख्या गोड्या पाण्यात पोहण्याचा मोह टाळावा, कारण गोगलगायींतून पसरणाऱ्या शिस्टोसोमा कृमीचे जंतू त्वचेतून थेट शरीरात शिरतात. विमा घेताना त्यात रुग्णाला विमानाने दुसरीकडे हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे का, ही एकच ओळ नीट वाचली तरी पुष्कळ झाले.

गावात वागताना

गावात पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे गावप्रमुखाची भेट. ही औपचारिकता नव्हे. प्रमुखाने स्वीकारल्याशिवाय आपण गावाचे पाहुणे होत नाही. दक्षिण घानातील अकान लोकांत प्रमुखाशी थेट बोलत नाहीत. ओक्येआमे नावाचा त्याचा प्रवक्ता आपले म्हणणे प्रमुखापर्यंत आणि प्रमुखाचे आपल्यापर्यंत पोहोचवतो, मग दोघेही एकाच खोलीत, एकाच भाषेत बोलत असले तरी. दक्षिणेत भेटीदाखल जिन किंवा श्नॅप्सची बाटली देतात आणि त्यातील थोडी पूर्वजांसाठी जमिनीवर ओततात. स्वतः न पिणाऱ्यानेही ती द्यायला संकोच करू नये. उत्तरेतील मुस्लिम भागात तिची जागा कोला फळांच्या बिया घेतात, आणि त्यांचा मान आपल्याकडच्या पानसुपारीसारखाच असतो. पादत्राणे काढणे, टोपी काढणे, बसायला सांगितल्याशिवाय न बसणे हे यजमानाला विचारून घ्यावे.

डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नये, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पण बोट दाखवताना किंवा हात हलवतानाही डावा हात वापरू नये, हे लक्षात ठेवावे लागते. घानात बसलेल्या मंडळींना अभिवादन करताना उजवीकडून डावीकडे हस्तांदोलन करत जातात. अभिवादन लांब असते. सेनेगल आणि गाम्बियात रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, काम कसे आहे, असे एकामागून एक विचारले जाते आणि सर्व उत्तरे झाल्यावरच कामाचा विषय निघतो. सकाळी ८.०२ ची लोकल पकडण्यात हयात गेलेल्यांना हे सुरुवातीला जड जाते. सरळ कामाचे विचारणे मात्र उद्धटपणा समजला जातो, आणि हापशाच्या चाव्या कोणाकडे आहेत हे शेवटी त्या लांब गप्पांतूनच कळते. सेनेगल-गाम्बियातला अताया हा हिरवा चहा तीन फेऱ्यांत दिला जातो, पहिली कडू आणि पुढच्या अधिकाधिक गोड. पहिल्या पेल्यानंतर उठून जाऊ नये.

घानात मुले ‘ओब्रोनी’, टोगोत ‘योवो’ आणि सेनेगलमध्ये ‘तुबाब’ अशी हाक मारत मागे धावतील. ही परक्यासाठीची हाक आहे, गोऱ्यांसाठी तशी आपल्यासाठीही. राग मानू नये. अकान भागात लवकरच आपल्या जन्मवाराचे नाव मिळते. शनिवारी जन्मलेला पुरुष क्वामे, शुक्रवारचा कोफी, रविवारची स्त्री अकोसुआ. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा आणि संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांची नावे याच रीतीची. आपला जन्मवार जाण्यापूर्वी आईला विचारून ठेवावा.

शाकाहाऱ्यांची खरी परीक्षा जेवणात होते. कसावा आणि हिरवी केळी कुटून केलेला फुफू, आंबवलेल्या मक्याचे बांकू आणि केंके, उत्तरेतले तुओ झाफी हे सगळे स्वतः शाकाहारी असते. अडचण असते ती बरोबरच्या रश्शाची. शेंगदाण्याच्या रश्शात किंवा आळूच्या कुळातील कोन्तोमिरे या पानांच्या भाजीतही वाळलेल्या मासळीची भुकटी असतेच, आणि शितो या काळ्या चटणीत सुके मासे किंवा कोळंबी असते. ‘मी मांस खात नाही’ एवढे सांगून चालत नाही, कारण मासे म्हणजे मांस नव्हे असे अनेकांना वाटते. मासे, कोंबडी, भुकटी आणि सूपचे चौकोनी तुकडे यांची नावे घेऊन सांगावे, तेही संस्थेमार्फत गावात जाण्यापूर्वी, म्हणजे ताट समोर आल्यावर यजमान बाईंचा अपमान होणार नाही. चवळीची पाम तेलातली उसळ आणि तळलेली केळी मिळून होणारे ‘रेड रेड’, तांदूळ व चवळी ज्वारीच्या पानांसोबत शिजवलेला वाचे आणि गारी (कसाव्याचा भाजलेला रवा) या पदार्थांवर शाकाहारी माणूस व्यवस्थित राहू शकतो, फक्त त्यांतही मासळी न घालण्याची विनंती करावी लागते. सेनेगलमध्ये सगळे एकाच मोठ्या परातीतून जेवतात; आपल्यासमोरच्या भागातूनच खावे, मधल्या चांगल्या तुकड्यांकडे हात नेऊ नये, ते यजमानच आपल्याकडे सरकवतो. जैन पद्धतीने काटेकोर राहणाऱ्यांना मात्र हा मुक्काम कठीण जाईल, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

घानात शनिवारी अंत्यविधीचे मोठे समारंभ होतात. संपूर्ण गाव काळ्या-लाल वस्त्रांत जमते, वाद्ये वाजतात, लोक नाचतात आणि जमलेली वर्गणी नावानिशी जाहीर होते. बोलावणे आले तर जावे, साधे काळे कपडे घालावेत, जमेल तेवढी रक्कम द्यावी आणि मृताचे छायाचित्र काढू नये. बेनिनमध्ये जानेवारीत व्होदून या पारंपरिक धर्माच्या उत्सवाची सुटी असते. त्याला जादूटोणा म्हणून हसणाऱ्याने आपल्या गावच्या जत्रेतले अंगात येणे आठवावे आणि गप्प बसावे. घानाच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी १४८२ साली बांधायला घेतलेला एलमिना किल्ला किंवा बेनिनमधील विदा येथील गुलामांच्या व्यापाराची जागा पाहायला जाल, तेव्हा तिथे सेल्फी काढू नयेत. विमानतळ, पोलीस व लष्कर यांचीही छायाचित्रे टाळावीत, आणि घानात लष्करी ठिपक्यांचे कपडे नागरिकांना निषिद्ध आहेत, म्हणून ट्रेकिंगची तसली पँट घरीच ठेवावी.

पैशांच्या बाबतीत थोडक्यात इतकेच. घानात सेडी, तर सेनेगल, टोगो, बेनिन यांसह आठ देशांत युरोशी बांधलेला सीएफए फ्रँक चालतो. गावात कार्ड चालत नाही, पण मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत सर्वत्र रुजली आहे. मुलांना रस्त्यात चॉकलेट, पेन किंवा नाणी वाटू नयेत. द्यायचेच असेल ते शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत किंवा पाणी समितीमार्फत, पावती घेऊन द्यावे. यजमान घरासाठी ठाण्याहून नेण्याजोगी उत्तम भेट म्हणजे चांगले सुती कापड.

निघताना आणि परतल्यावर

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी, जे शिकवले ते शिकलेल्या माणसाकडून आपल्यासमोर एकदा पूर्ण करून घ्यावे; पंप त्याने उघडावा, हिशेब तिने लिहावा, आणि आपण फक्त पाहावे. अवजारे कोणाच्या ताब्यात राहणार, हे प्रमुखासमोर ठरवून घ्यावे. छायाचित्रे पाठवण्याचे वचन दिले असेल, तर ती तिथल्याच शहरात छापून देऊन यावे. टपालाने ती बहुधा पोहोचत नाहीत.

परदेशातील मुक्कामात भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवून ठेवावे, आणि अडचण आल्यास परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते, हे घरच्यांनाही सांगून ठेवावे. परतल्यावर मलेरियाच्या गोळ्या ठरल्या मुदतीपर्यंत चालू ठेवाव्यात. पुढील तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर व्हायरल असेल म्हणून घरी क्रोसिन घेत बसू नये. त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात आपण पश्चिम आफ्रिकेतून आलो आहोत, हे सांगावे.